नानाकाका फुकट का रंगवायचा?

सई,

इथल्या मंडळाने गणपतीचं मखर तुला करायला सांगितलं, तेव्हा मी सहज म्हटलं, "कर की, नानाआजोबा अख्ख्या गावाची करायचे." त्यावर तू विचारलंस, "ते खरे आर्टिस्ट होते, तर लोक त्यांच्याकडून फुकट का करून घ्यायचे? आपल्या लोकांना कलेची किंमत नसते का?" मी विषय बदलला, पण लागलं गं जरा.

गोव्यात आमच्या माशेलला जत्रेचं नाटक म्हणजे आधीपासून धांदल. दुकानदार, मास्तर, बसचा कंडक्टर, सगळे नट. पडदे मात्र काकाचे. अंगणात मांजरपाट पसरायचा, सरस मागच्या दारी उकळायचा, कारण त्याचा वास आजीला सोसत नसे. डबे ढवळायला मी आणि वाड्यावरची पोरं. राजवाडा, रस्ता, जंगल हे ठरलेले पडदे. पण काकाच्या जंगलात कोपऱ्यात आमच्या परसातला फणस असायचाच. नाटकभर मी तोच बघत बसायचे. शंभूराजे काय बोलले, देव जाणे.

काका पणजीच्या कला महाविद्यालयात होता तेव्हा लक्ष्मण पै तिथे प्राचार्य. मूळ मडगावचे, जन्म १९२६चा. पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीत अटक झालेली, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, मग पॅरिसात दहा वर्षं. गाण्यातल्या रागांवर चित्रं काढायचे. असा माणूस १९७७ ते १९८७ गोव्याच्या पोरांसाठी कॉलेज चालवत बसला. चित्रकाराची दहा वर्षं हजेरीपट आणि सरकारी कागदांत जाणं काय लहान गोष्ट आहे? २०१८मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा काकाने "आमचे सर" म्हणत वाड्यावर पेढे वाटले. २०२१मध्ये सर गेले.

आता तू म्हणशील, सरांना पगार होता. खरंय. काकाला नारळ, शाल आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण. रंग कधीकधी काकीच्या शिवणाच्या पैशांतून यायचे. "नाना, एवढं करून टाक रे" म्हटलं की याला नाही म्हणताच येत नसे. गावाने त्याला वापरून घेतलं असं मलाही वाटतं, मोठी झाल्यावर जास्तच. पण डबे ढवळणाऱ्या त्या पोरांतला एक आज नेपथ्यावर घर चालवतो, आणि काकाने त्याच्याकडून कधी फी घेतली नाही. हेही त्याच हिशेबात धरायचं ना? कुठल्या बाजूला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंडळाला काय सांगायचं ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी मध्ये पडणार नाही, खरंच. पण त्याआधी काकीला एक फोन कर. त्यांच्याकडचे चार वाजून गेल्यावर, त्याआधी ती झोपलेली असते. कोकणीत सुरू झाली तर घाबरू नकोस, तुझं तुटकं मराठी तिला चालतं. तिचं म्हणणं माझ्यापेक्षा बरंच तिखट आहे, आणि ते तू तिच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

आई