सायकलच्या चाकांसाठी हलकं पण भरवशाचं क्विक रिलीज स्क्यूअर कोणतं घ्यावं?

स्क्यूअर म्हणजे चाकाच्या पोकळ ॲक्सलमधून (आसातून) जाणारी, लिव्हरने आवळायची दांडी. वजनाआधी तिचा कॅम, म्हणजे लिव्हर वळवला की दांडी ताणून चाक घट्ट करणारा भाग, बघा. शिमानो कंपनीसारखा, डबीत बंद असलेला कॅम घ्या; त्यात धूळ-चिखल जात नाही आणि हाताच्या तेवढ्याच जोरात तो जास्त घट्ट आवळतो. टायटॅनियमच्या दांडीची, उघड्या कॅमची जोडी साधारण 50 ग्रॅमची, शिमानोची 100 ग्रॅमच्या वर. म्हणजे फरक दोन-चार घोट पाण्याइतकाच.

डिस्क ब्रेक असेल तर उघडा कॅम नकोच. ब्रेक दाबला की पुढचं चाक खाचेतून निसटू पाहतं. रिम ब्रेकच्या रोड बाइकला हलकी जोडी चालेल, पण दांडी स्टीलची आणि नटाला आतून स्टीलचे दाते हवेत. ॲल्युमिनियमचे दाते लवकर झिजतात. माप, म्हणजे हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी, पुढे बहुधा 100 मिमी, मागे रोडला 130, एमटीबीला (माउंटन बाइकला) 135.

आणि कृपा करून लिव्हर नटासारखा गोल फिरवून आवळू नका! तो ॲक्सलच्या रेषेत आला की जोर लागायला हवा आणि पूर्ण बंद करताना तळहातावर वळ उमटायला हवा. दांडीवरच्या स्प्रिंगचं निमुळतं तोंड आत, हबकडे.

चोरीची भीती असेल तर लिव्हरऐवजी ॲलन कीने आवळायचं स्क्यूअर घ्या, ते वजनालाही हलकं असतं.