ट्यूमरमध्ये सुई न टोचता त्याच्या आतला द्रवदाब सोनोग्राफीने मोजता येतो का?

येतो. पण तुम्ही पुढे विचारलंय, "कॉन्ट्रास्ट चांगला उजळला की आकडा खरा धरायचा का?" अजिबात नाही. याच मुद्द्यावरून माझं एका सीनिअरशी कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहायला बसलो.

पद्धतीचं नाव 'शेप' (SHAPE, सबहार्मोनिक एडेड प्रेशर एस्टिमेशन). फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या फ्लेमिंग फोर्सबर्ग यांच्या गटाने ती वाढवली. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून रक्तात सोडलेले वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे. त्यांच्यावर एका फ्रीक्वेन्सीच्या अल्ट्रासाउंड लहरी सोडायच्या आणि परतीच्या आवाजातला निम्म्या फ्रीक्वेन्सीचा भाग तेवढा ऐकायचा. भोवतालचा दाब वाढला की तो भाग दबतो.

मी अमेरिकेत मास्टर्स करत होतो. आमच्याकडे पेशंट कुठले, पाण्याची बंद टाकी आणि तिला लावलेला प्रेशर गेज. सीनिअर नागपूरचा, डोक्याने तल्लख, पण स्क्रीनवर काही चमकलं की गडी खूश. लहरींची पॉवर वाढवतच न्यायचा. गेजवर दाब शून्यावरून शंभरावर नेला तरी सिग्नल ढिम्म. मी पॉवर उतरवायला गेलो तर म्हणतो, "अरे, एवढा झकास सिग्नल येतोय आणि तुला तो कमी करायचाय?" हो, करायचाय! हा सिग्नल आधी उगवतो, मग झपाट्याने वाढतो आणि शेवटी एका पातळीला जाऊन अडकतो. दाबाचा पत्ता लागतो तो मधल्या टप्प्यातच. पॉवर उतरवली आणि दाब चढेल तसा सिग्नल पडायला लागला. यावर साहेबांचं उत्तर: "योगायोग." वर हा गडी बारीक सुई लावून, दट्ट्या खसकन ओढून कॉन्ट्रास्टची सिरिंज भरायचा. निम्मे बुडबुडे सिरिंजमध्येच फुटणार, मग मोजणार काय?

पेशंटमध्ये तर गाठ किती खोल आहे यावर पॉवर दरवेळी नव्याने लावावी लागते.

मोजायचं कशाला, तर निरोगी भागात हा दाब शून्याच्या आसपास असतो. गाठीत तो १० ते ४० मिमी पारा, कधी त्याहून वर, आणि मग औषध आत शिरत नाही. २००५ साली छापून आलेल्या स्तनाच्या कर्करोगावरच्या अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने दाब सरासरी ३६ टक्के उतरला, डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधाने जेमतेम ८ टक्के. ते मोजमाप मात्र सुई टोचूनच केलेलं.

हो, एक राहिलंच. बुडबुडे रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाहीत, म्हणजे काटेकोर बोलायचं तर मोजला जातो तो वाहिनीतला दाब. गाठीतल्या वाहिन्या गळक्या, त्यामुळे आतबाहेर दाब जवळपास सारखा होतो, म्हणून हे चालून जातं. गाठीचा मधला भाग मेलेला असेल, तिथे रक्तच पोचत नसेल, तर तिथलं काहीच कळणार नाही. शिवाय हे सगळं अजून बरंचसं संशोधनातच आहे. यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब याच पद्धतीने मोजायचं काम त्यामानाने पुढे गेलंय.

तेव्हा कोणी आकडा पुढे केला तर पॉवर कशी ठरवली ते विचारा. "चित्र स्वच्छ दिसेल अशी" असं म्हणाला, तर पॉवर आणि सिग्नलचा ग्राफ मागा. ग्राफ काढलाच नसेल तर तो आकडा रिपोर्टात लिहू देऊ नका.