ग. वा. मावळंकर फक्त चारच वर्षं अध्यक्ष होते ना? मग त्यांचं एवढं नाव का घेतात?

चार वर्षं हा हिशेब लोकसभेपुरता बरोबर आहे. १५ मे १९५२ ला ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले आणि २७ फेब्रुवारी १९५६ ला पदावर असतानाच गेले. लोकसभेतला सर्वाधिक काळाचा मान बलराम जाखडांचा, १९८० ते १९८९. पण दादासाहेब मावळंकर अध्यक्षाच्या खुर्चीत पहिल्यांदा बसले १९३७ साली, मुंबई प्रांताच्या विधानसभेत. त्यांची कारकीर्द तिथपासून मोजायला हवी.

घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या मावळंगे गावचं, जन्म १८८८ चा बडोद्यातला, आणि सगळं सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत. वकिली, खेडा सत्याग्रह, सरदार पटेलांबरोबरचं काम, अहमदाबाद नगरपालिकेचं अध्यक्षपद, तुरुंगवास. त्या पिढीच्या काँग्रेसवाल्यांचा असतो तसाच हा प्रवास आहे.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभं केलं. समोर सर कावसजी जहांगीर होते. मावळंकरांना ६६ मतं पडली, जहांगीरांना ६३. ब्रिटिश सरकार अजून जागेवर असताना तीन मतांनी मिळालेली ही खुर्ची! ऑगस्ट १९४७ मध्ये ते विधिमंडळच संपलं. आता घटना समिती राज्यघटनाही लिहिणार आणि रोजचे कायदेही करणार, तर दोन्ही कामं कशी सांभाळायची हा पेच होता. तो सोडवायला नेमलेल्या समितीचे प्रमुखही मावळंकरच. तोडगा असा निघाला की घटना लिहिताना राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि कायदे करताना मावळंकर. सदस्य मात्र तेच.

१९५२ ची निवडही बिनविरोध नव्हती. विरोधकांनी सोलापूरचे, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभं केलं. ३९४ विरुद्ध ५५. पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर होती, हे आपल्याकडेही फारसं कोणी सांगत नाही.

आता तुमच्या 'का' कडे येतो. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे अध्यादेशांबद्दलचा, म्हणजे संसदेत न मांडता सरकार काढतं त्या तात्पुरत्या कायद्यांबद्दलचा, त्यांचा आग्रह. १९५० पासून ते सरकारला याबद्दल लिहीत होते. १७ जुलै १९५४ ला त्यांनी थेट नेहरूंना पत्र लिहिलं. अध्यादेश काढणं लोकशाहीला धरून नाही, अगदीच तातडीची गरज असेल तरच ते समर्थनीय आहे. प्रश्न आज सरकारात कोण आहे याचा नसून पायंड्याचा आहे. आत्ता मर्यादा घातली नाही तर पुढची सरकारं अध्यादेश काढत राहतील आणि लोकसभेच्या हाती नुसता शिक्का मारणं उरेल, असा त्याचा आशय. पक्ष एकच, पंतप्रधान नेहरूंच्या उंचीचे, बहुमत प्रचंड. तरी त्यांनी लिहिलं. अध्यादेशाची बातमी आली की मला हे पत्र आठवतंच.

रोजच्या कामाची घडीही त्यांनीच बसवली. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा हे सुचवणारी कामकाज सल्लागार समिती, मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली की नाही हे बघणारी समिती, नियम-उपनियम तपासणारी समिती. या सगळ्या त्यांच्या काळातल्या. १९५१ मध्ये, लोकसभा येण्याच्या आधी, मुदगल या सदस्यावर पैसे घेऊन मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेचे प्रश्न संसदेत मांडल्याचा ठपका आला, तेव्हाही खुर्चीत तेच होते. सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि हकालपट्टी होण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला.

त्यांच्यावर टीका झालीच नाही असं मात्र समजू नका. अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी काँग्रेसचं सदस्यत्व सोडलं नाही. रोजच्या पक्षकारणापासून दूर राहायचं, पण पक्ष सोडायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांना ती पटत नसे, आणि मलाही ती पुरती पटत नाही. १८ डिसेंबर १९५४ ला खासदार विघ्नेश्वर मिसिर यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा तो पहिला ठराव. त्या दिवशी खुर्चीत उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार बसले, नेहरूंसह अनेकजण बोलले आणि ठराव फेटाळला गेला. मावळंकर पुढेही अध्यक्ष राहिले. त्यांच्या निधनानंतर अहमदाबादची जागा त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी लढवली आणि त्या लोकसभेत गेल्या. १९७० च्या दशकात मुलगा पुरुषोत्तमही खासदार झाला.