पानाची फिकट बाजू

प्रश्न : आमच्या अंगणात संत्र्याचे जुने झाड आहे. त्याची पाने वरून गडद आणि चकचकीत, तर खालून फिकट दिसतात. खालच्या बाजूला हरितद्रव्य कमी असते, तर अन्न तयार करण्याच्या कामी ती बाजू निरुपयोगी समजावी का? शिवाय एप्रिलमध्ये बाहेरच्या फांद्या छाटल्यावर आतली हिरवीगार पाने मे महिन्यात करपली, ती कशामुळे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : खालची बाजू निरुपयोगी नाही, किंबहुना तिचा फिकटपणा हीच पानाच्या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट आहे, असे मला वाटते. पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वरच्या पारदर्शक त्वचेखाली खांबांसारख्या उभ्या, दाटीने रचलेल्या पेशी दिसतात. पानातील बहुतेक हरितलवके, म्हणजे हरितद्रव्य असलेले सूक्ष्म घटक, याच पेशींत असतात. त्यांच्याखाली वेड्यावाकड्या पेशींचा सैल, स्पंजासारखा थर असून त्यात हवेच्या पोकळ्या असतात. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या त्वचेवरील सूक्ष्म छिद्रांतून, आलेला कार्बन डायऑक्साइड याच पोकळ्यांतून पेशींपर्यंत पोहोचतो.

पोकळ्यांचे दुसरे काम प्रकाशाशी निगडित आहे. पाणी पारदर्शक आणि हवाही पारदर्शक, तरीही साबणाचा फेस पांढरा दिसतो, कारण पाण्यातून हवेत आणि हवेतून पाण्यात जाताना प्रकाश दर वेळी वळतो किंवा मागे फिरतो. पानाच्या सैल थरात हेच घडते. उभ्या पेशींमधून सरळ खाली उतरलेला प्रकाश येथे विखुरतो, पुनःपुन्हा पेशींवर आदळतो आणि त्याचा पानातील प्रवास पानाच्या जाडीच्या कितीतरी पट लांबतो. खालच्या बाजूवर पडलेला प्रकाशही या थरात विखुरून काही अंशी मागे फिरतो, म्हणून ती बाजू आपल्याला फिकट दिसते. कागदावर तेल सांडले की तंतूंमधली हवा जाऊन तो अर्धपारदर्शक होतो; पानातील पोकळ्या पाण्याने भरल्या, तर पानही तसेच काळपट आणि काचेसारखे दिसू लागते.

या विखुरण्याचा खरा लाभ हिरव्या प्रकाशाला होतो. निळा आणि तांबडा प्रकाश वरच्या थरांतच बराचसा शोषला जातो, तर हिरवा प्रकाश खोलवर पोहोचतो. पान हिरवा प्रकाश परत फेकते एवढेच शाळेत शिकवले जाते. प्रत्यक्षात पान त्याचाही मोठा भाग शोषून घेते. भर दुपारी वरच्या पेशींना पेलवेल त्याहून अधिक ऊन मिळते आणि जादा ऊर्जेची उष्णता होते; त्या वेळी खालच्या पेशी मात्र आणखी प्रकाश वापरू शकतात. जपानमधील वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो तेराशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये सूर्यफुलाच्या पानांवर दाखवून दिले, की तीव्र पांढऱ्या प्रकाशात वरून आणखी तांबडा प्रकाश देण्यापेक्षा हिरवा प्रकाश दिल्यास प्रकाशसंश्लेषण अधिक वाढते.

करपण्याचे कारणही रचनेतच आहे. उन्हात वाढलेले पान जाड होते आणि त्यातील उभ्या पेशी अधिक लांब असतात किंवा त्यांचे थर वाढतात. सावलीतले पान पातळ आणि रुंद होऊन मिळेल तो मंद प्रकाश टिपते. ही ठेवण पान कोवळे असतानाच बहुतांशी ठरते, पुढे फारशी बदलत नाही. सावलीसाठी घडलेली आपल्या झाडाची पाने छाटणीनंतर एकाएकी नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात उघडी पडली आणि जादा प्रकाश व उष्णता त्यांना सोसली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर फक्त सल, म्हणजे वाळलेल्या काटक्या, काढावी. हिरव्या फांद्यांना तेव्हा हात लावू नये.