जुन्या डच कोरीव चित्रात जोडहोडीतले बेटवासी आणि मागे दोन जहाजे दिसतात. हा प्रसंग कोणता?

वर्णनावरून हा न्यूझीलंडमधील डिसेंबर 1642 चा, डच दर्यावर्दी आबेल तास्मानच्या सफरीतील प्रसंग वाटतो. मागची जहाजे हेमस्कर्क आणि झेहान. आदल्या संध्याकाळी माओरींनी (तिथल्या मूळ रहिवाशांनी) फुंकलेल्या वाद्याला डचांनी तुतारीने उत्तर दिले, आणि ते बहुधा आव्हानाचा स्वीकार समजले गेले. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यात चार डच खलाशी दगावले, म्हणून तास्मानने त्या उपसागराला ‘खुन्यांचा उपसागर’ असे (एकतर्फीच) नाव दिले. मूळ रेखाटन सफरीवरील इसाक हिल्सेमान्सचे मानले जाते. छापील कोरीव आवृत्त्या नंतरच्या. चित्रात वेगवेगळ्या क्षणांच्या घटना एकाच दृश्यात असल्याने ते छायाचित्रासारखे वाचू नये; माथ्यावर बांधलेले केस आणि जोडहोडीची रचना मात्र लक्षपूर्वक पाहावी.