जीपीयू, कुडा आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: एएमडीच्या ग्राफिक्स कार्डात (जीपीयूत) तेवढ्याच पैशात जास्त मेमरी मिळते, तरी एआय शिकायचं म्हटलं की सगळे एनव्हिडियाच का सांगतात?

कारण नुसती चिप घेऊन भागत नाही, तिच्यावर चालणारा कोड लोकांनी आधीच लिहिलेला असावा लागतो. एनव्हिडियाने कुडा, म्हणजे त्यांच्या कार्डावर ग्राफिक्सखेरीज इतर गणितं चालवायचं सॉफ्टवेअर, २००६ मध्ये जाहीर केलं आणि साध्या गेमिंग कार्डावरही चालू दिलं, ही त्यांची खरी हुशारी. २०१२ मध्ये इमेजनेट ही फोटो ओळखण्याची स्पर्धा जिंकणारं अ‍ॅलेक्सनेट हे एआय मॉडेल दोन जीटीएक्स ५८० वर ट्रेन झालं होतं, म्हणजे दुकानात मिळणारी गेमिंगची कार्डं. मग लायब्ररी, कोर्स, रिसर्च सगळं त्याच्यावरच उभं राहत गेलं.

प्रश्न: मग एएमडी सरळ कुडाच का चालवत नाही?

अर्धं केलंय. त्यांचं हिप हे प्रोग्रामिंगचं साधन मुद्दाम कुडासारखंच बनवलंय, कार्डावर मेमरी मागायच्या कुडामॅलॉक कमांडच्या जागी हिपमॅलॉक, कोड बदलून द्यायला टूलपण आहे. पण त्याला सोर्स कोड लागतो, आणि एनव्हिडियात ३२ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या कामांचा) गट एकत्र चालतो तर एएमडीच्या सर्व्हर कार्डात ६४ चा, त्यामुळे हाताने ट्यून केलेला कोड पुन्हा बघावाच लागतो. कुडाचा तयार प्रोग्राम जसाच्या तसा चालवणारं झलुडा नावाचं टूल आहे, एएमडीने त्याला काही काळ पैसे दिले आणि मग हात काढून घेतला. शिवाय कुडाच्या लायसन्समध्येच लिहिलंय की त्यातून निघालेला आउटपुट, म्हणजे तयार प्रोग्राम, दुसऱ्याच्या हार्डवेअरवर नेण्यासाठी उलगडायचा नाही. ही अट मला साफ चुकीची वाटते, प्रोग्राम मी लिहिलाय तर तो कुठल्या कार्डावर चालवायचा हे कार्डवाल्याने का ठरवावं?

प्रश्न: सगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर चालावं म्हणून काढलेल्या ओपनसीएलचं काय झालं?

अ‍ॅपलने पुढाकार घेतला, २००८ मध्ये स्टँडर्ड आलं, आणि २०१८ मध्ये अ‍ॅपलनेच ते बाजूला ठेवून स्वतःचं मेटल पुढे केलं. सगळ्यांचं होतं म्हणून जीव ओतणारं कोणीच नव्हतं.

प्रश्न: अशी पकड कधी सुटलीय का?

हो, थ्रीडीएफएक्स या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीची. १९९६ च्या वूडू कार्डाचं ग्लाइड हे गेमसाठीचं सॉफ्टवेअर फक्त त्यांच्याच चिपवर चालायचं आणि गेमवाले त्यासाठीच लिहायचे. पण डायरेक्टथ्रीडी सुधारत गेलं, त्यामागे विंडोजवाली मायक्रोसॉफ्ट होती, गेमवाल्यांना एकदाच लिहून सगळ्या कार्डांवर विकता यायला लागलं. १९९९ च्या शेवटी ग्लाइड ओपन सोर्स केलं तोवर उशीर झाला होता, वर्षभरात कंपनीची मालमत्ता एनव्हिडियानेच घेतली.

आज डायरेक्टथ्रीडीची जागा घेईल तर पायटॉर्चसारखा, म्हणजे एआय मॉडेल लिहायच्या लायब्ररीसारखा, कुडाच्या वरचा थर. ते २०२१ पासून लिनक्सवर एएमडीसाठीही मिळतं, त्यामुळे नुसतं पायटॉर्चच वापरणार असाल तर आपलं कार्ड एएमडीच्या सपोर्ट लिस्टमध्ये आहे का तेवढं आधी बघा आणि मग बिनधास्त घ्या.