'ब्रुहथकायोसॉरस' की 'बृहत्कायोसॉरस'?

विचारणा अशी : शाळेतल्या मुलीच्या प्रकल्पासाठी भारतातल्या डायनोसॉरांची माहिती जमवताना एकाच प्राण्याचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सापडले. ब्रुहथकायोसॉरस, ब्रुहाथकायोसॉरस आणि बृहत्कायोसॉरस. यांतले कोणते बरोबर? आणि नावात 'बृहत्' दिसतो, तो खरेच आपला की नुसता भास?

भास नाही, तो आपलाच 'बृहत्' आहे. बृहन्मुंबईतला, बृहन्महाराष्ट्रातला. म्हणून मराठीत 'बृहत्कायोसॉरस' असेच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

हा प्राणी तमिळनाडूतल्या अरियलूर भागातला. कल्लमेडु गावाजवळच्या, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत त्याची हाडे मिळाली आणि यादगिरी व अय्यासामी या भूवैज्ञानिकांनी १९८७ मध्ये त्याचे नामकरण केले. 'बृहत्काय' म्हणजे प्रचंड देहाचा. आपल्या तोंडी रोज असलेल्या 'वक्रतुंड महाकाय'मधल्या 'महाकाय'चा हा सख्खा भाऊ.

मग 'थ' कुठून आला? रोमन लिपीतून, तोही दक्षिणेतल्या रोमन लेखनपद्धतीतून. तिकडे नुसती 'टी' ही 'ट'साठी राखून ठेवतात आणि 'त' दाखवायला 'टी-एच' लिहितात. लता, गीता, ललिता ही नावे दक्षिणेत अशीच 'टी-एच'ने लिहिली जातात. तमिळ लिपीत त आणि थ यांना एकच अक्षर असल्यामुळे त्यात कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो आपण ते रोमन पुन्हा देवनागरीत आणतो तेव्हा. एका लग्नपत्रिकेवर वधूच्या मामीचे नाव 'सौ. गीथा' असे छापलेले मी पाहिले आहे. 'ब्रुहथ' हे त्याच जातीचे. मूळ शब्द देवनागरीत आपल्याकडे असताना रोमनच्या वळशाने तो परत आणायचा आणि वाटेत मोडून घ्यायचा, हे मला पटत नाही.

'ब्रु'ची गोष्ट जरा वेगळी. ऋ-चा उच्चार हिंदी भाषक 'रि'कडे झुकवतात. मराठी, तेलुगू, कन्नड माणूस 'रु'कडे. नामकरण उत्तरेत झाले असते तर रोमनमध्ये 'ब्रि' आले असते. म्हणजे इथला उच्चार आपल्याला जवळचाच आहे. पण उच्चार 'क्रुष्ण' असला तरी आपण लिहितो 'कृष्ण'. तसेच इथे 'बृ'.

आता संधी. बृहत् + मुंबई = बृहन्मुंबई, बृहत् + आरण्यक = बृहदारण्यक; पण पुढे क आला की त् जागचा हलत नाही. बृहत्कथा, तसेच बृहत्काय. जोडाक्षर 'त्का'च हवे, 'बृहतकाय' नको.

खरी गंमत 'यो'मध्ये आहे. मनोहर, यशोधरा, तपोवन डोळ्यांसमोर येतात आणि हाही संस्कृत संधीच असावा असे वाटते. तसे नाही. तिथला ओ मनस्, यशस्, तपस् यांच्या शेवटच्या स्-मुळे येतो. 'काय' अकारान्त आहे, त्याला ओ होण्याचे कारणच नाही. हा ओ ग्रीक आहे. ग्रीक समासात दोन पदांच्या मध्ये तो सांधा म्हणून बसतो : टायरॅनोसॉरस, ब्रॉन्टोसॉरस, तसाच कायोसॉरस. पुढचा 'सॉरस' म्हणजे ग्रीकमधला सरडा. डायनोसॉर सरडे नव्हेत, पण नाव चिकटले ते चिकटले. तेव्हा 'बृहत्कायसॉरस' अशी दुरुस्तीही करू नये. दोन पदे संस्कृत, सांधा आणि शेपूट ग्रीक, अशी या नावाची घडण आहे आणि ती तशीच दिसू द्यावी.

'काय' शब्दाजवळ क्षणभर थांबतो. तो 'चि' म्हणजे रचणे, गोळा करणे या धातूपासून आला. निवास, चिता, शरीर किंवा रास असा अर्थ असला की च-चा क होतो, असे पाणिनीने सूत्रच दिले आहे. हाडे वगैरे जिथे रचली जातात तो काय, अशी जुन्यांची उकल. आणि या बृहत्काय प्राण्याची आपल्या हाती आलेली रचना केवढी? कमरेचे हाड, मांडीच्या हाडाचा भाग, पुढच्या पायाचे एक हाड, शेपटीचा मणका आणि नडगीचे हाड. ती नडगी मात्र सुमारे दोन मीटर लांब! बाजूला उभा राहिलेला उंच माणूसही तिच्याहून ठेंगणा ठरावा. एवढ्यावरून आधी त्याला मांसाहारी ठरवले गेले. १९९५ मध्ये शंकर चटर्जी यांनी त्याला लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांत आणून बसवले. ही हाडे खरी की अश्मीभूत लाकूड, अशीही शंका पुढे घेतली गेली. हाडे इतकी ठिसूळ होती की प्लास्टरच्या आवरणातच त्यांचा चुरा झाला, हे २०१७ मध्ये छापून आले. २०२२ मध्ये उत्खननाच्या वेळची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा शंका बरीच निवळली. वजनाचे अंदाज शंभर टनांच्या पुढे जातात, पण मुलीने तक्त्यावर आकड्याआधी 'अंदाजे' जरूर लिहावे.

तिच्या यादीत 'बारापासॉरस' असेलच. त्याचा बारा पायांशी संबंध नाही. बंगालीत 'बडो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. तिथे मात्र मी 'बडोपासॉरस' असा आग्रह धरणार नाही, कारण तो शब्द मराठीचा नाही आणि 'बारापा' रुळला आहे. 'बृहत्' मराठीचा आहे.